पाया न लागलेली भिंत

माझं अक्षर चांगलं आहे, आणि सगळा घोटाळा त्यातूनच झाला. अक्षर वाईट असतं तर माझी ती नोंद कोणाला लागलीच नसती. कागद पिवळा पडला असता, कोणीतरी तो रद्दीत घातला असता आणि मी सुखाने निवृत्तीची वाट बघत अमळनेरला भूगोल शिकवत राहिले असते. पण नोंद ठसठशीत होती. दहा फूट लांबूनही वाचता येईल अशी: 'जुनी पडकी भिंत. बांधणारा : अज्ञात.'

मी मूळची असोद्याची. आमच्याकडे जमीन ताटासारखी सपाट. केळी, कापूस, भरिताची वांगी, आणि उत्तरेला आकाश निवळलं की सातपुड्याची निळी रेघ. डोंगर म्हणजे ती रेघ, एवढंच मला ठाऊक होतं. दगड मात्र पोटभर ठाऊक होता. माझे वडील जळगावबाहेरच्या एका खदानीत दगड फोडायचे. खदान म्हणजे दगडाची खाण, पण आमच्या घरात तिला खाण कोणीच म्हणत नसे. आजोबांनी रेल्वेच्या रुळांखालची खडी फोडली, वडिलांनी रस्त्याची. सरकार या दगडाला 'गौण खनिज' म्हणतं. ज्याने हा शब्द काढला त्याला एक दिवस घण उचलायला लावायला हवा होता, असं मला अजून वाटतं.

वडिलांना अक्षर येत नव्हतं, पण दगड यायचा. सुतकी म्हणजे त्यांची छोटी हातोडी. ती दगडावर हलकेच मारून, कान लावून ते सांगायचे, हा कुठे फुटेल, याच्या पोटात भेग आहे का, पांढऱ्या गारा निघतील का. निघालेल्या गारा ते माझ्यासाठी धोतराच्या सोग्यात बांधून आणायचे. बुद्धाच्या तसबिरीखालच्या फळीवर मी त्या मांडून ठेवायचे. मुलीने दगड फोडू नये, दगडाबद्दल वाचावं, एवढाच त्यांचा हट्ट होता आणि तो त्यांनी पुरा करून घेतला. मी भूगोल घेऊन बी.ए. झाले. 'भित्ती' या विषयावर मी परीक्षेत पाच मार्कांची टीप आकृतीसह लिहिली होती: जमिनीच्या पोटातला तप्त रस भेगेतून वर येतो, थिजतो, आजूबाजूचा मऊ खडक झिजून जातो आणि हा कठीण खडक उभ्या भिंतीसारखा उरतो. पाचपैकी पाच मिळाले.

नोकरी लागली ती धुळे जिल्ह्यात, साक्रीच्याही पश्चिमेला, डोंगरातल्या एका पाड्यावर. तिथले डोंगर आमच्या निळ्या रेघेसारखे शहाणे नव्हते. कुठेही उभे राहायचे, मध्येच तुटायचे. रस्ता शेवटच्या एस.टी. थांब्याला संपायचा आणि पुढे तासभर चढ होता. पहिल्या वर्षी मी रडले, दुसऱ्या वर्षी चिडले, तिसऱ्या वर्षी चढायला शिकले. आणि त्या तिसऱ्या वर्षी गावातल्या जुन्या वास्तूंची नोंद करण्याचं काम वरून आलं. शिक्षकाला शिकवणं सोडून सगळी कामं असतात, त्यातलंच हे एक.

पाड्यात वास्तू कुठून असणार? एक देवीचा ओटा होता, तो लिहिला. मग पाड्यातल्या एका आबांना विचारलं, आणखी काही जुनं आहे का. ते कोरडवाहू नागली पिकवायचे आणि उन्हाळ्यात मोहाची फुलं वेचायचे. त्यांनी मला विहिरीच्या मागे नेलं. तिथे डोंगराच्या उतारावर काळ्या दगडाची एक भिंत सरळ रेषेत गेली होती, माणसाच्या दुप्पट उंच, वरून मात्र जागोजागी ढासळलेली. दगड कसे, तर सरपणाच्या मोळ्या आडव्या रचाव्यात तसे एकावर एक. इतकं नेटकं काम. एखाद्या किल्ल्याचा तट असणार, असं मी मनाशी ठरवूनच टाकलं. फॉर्मात रकाना होता, 'बांधणारा'. मी आबांना विचारलं, ही भिंत कोणी बांधली?

"कोनी बांधी नही, बाई," ते म्हणाले. "ती उगनी."

मी हसले. आजही ते हसू आठवलं की कानशिलं तापतात. भिंत काय ज्वारी आहे उगवायला? त्यांनी शांतपणे आणखी एक सांगितलं, की पाणी भिंतीच्या वरच्या अंगालाच राहतं, खालच्या अंगाला टिपूस उतरत नाही. ते मी ऐकलंही नाही नीट. मी रकान्यात लिहिलं, 'अज्ञात'. त्याखाली रेघही मारली.

दिवाळीच्या सुट्टीत घरी जाताना त्या भिंतीचा एक तुकडा कागदावर ठेवायला म्हणून नेला. वडिलांनी तो हातात फिरवला, सुतकीने वाजवला, पुन्हा फिरवला. त्यावर छिन्नीचा एकही घाव नाही, म्हणाले, चुन्याचा कणही नाही, मग गवंड्याने हा बसवला कसा? मी म्हटलं, बांधणारा अज्ञात आहे. त्यावर ते एवढंच म्हणाले की बांधणारा सापडत नसेल तर कदाचित बांधलीच नसेल. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पाच मार्कांची ती टीप आकृतीसकट डोळ्यांपुढे उभी राहिली. पाड्यातले लोक तिला भिंत म्हणत होते, पुस्तकही तिला भित्तीच म्हणत होतं. शब्द एकच होता आणि मध्ये शिकलेली मी तेवढी आंधळी. पण कागद पुढे गेला होता. आता कोण दुरुस्त करणार, कोणाचं काय अडणार, असं म्हणून मी तो तुकडा फळीवर ठेवून दिला. चूक कळली आणि मी ती तशीच राहू दिली. पहिल्या चुकीपेक्षा मला याची जास्त लाज वाटते.

त्यानंतर बदली, लग्न, अमळनेर, मुलं. वडील गेले. पंचवीस-तीस वर्षं उलटली. गेल्या मार्गशीर्षात पाड्यावरच्या आताच्या बाईंनी मोबाईलवर एका पानाचा फोटो पाठवला आणि विचारलं, हे अक्षर तुमचं का? शाळेच्या जुन्या फळ्याजवळ माझ्या हातची बाराखडी अजून रंगवलेली आहे, त्यावरून त्यांनी ओळखलं होतं. पान अर्थातच माझं होतं. त्याच्या आधाराने एका ठेकेदाराला 'पडक्या बांधकामाचा राडारोडा उचलण्याची' परवानगी मिळाली होती. डोंगर फोडायचा तर खाणपट्टा लागतो, मोजणी लागते, हरकती मागवाव्या लागतात. पडकी भिंत उचलायला एक कागद पुरतो. तो कागद मी दिला होता. पोकलेन आलं होतं, भिंतीला बैलगाडी जाईल एवढं खिंडार पडलं होतं आणि भिंतीच्या वरच्या अंगाच्या विहिरीचं, म्हणजे पाड्यात पाणी असलेल्या एकमेव विहिरीचं, पाणी आठवड्यात तीन पायऱ्या उतरलं होतं.

मी घरात सांगितलं, मला साक्रीला जायचंय. नवरा म्हणाला, निवृत्तीला थोडी वर्षं राहिलीत, कशाला स्वतःच्या हाताने चूक कबूल करतेस? त्याचं काही चुकत नव्हतं. मी डबा भरला, वडिलांची सुतकी पिशवीत टाकली आणि पहाटेची धुळे गाडी पकडली.

साक्रीच्या तहसील कचेरीतल्या कारकुनाने मला तीन दिवस फिरवलं. पहिल्या दिवशी साहेब नव्हते, दुसऱ्या दिवशी फाईल नव्हती. तिसऱ्या दिवशी दोन्ही होते, तेव्हा तो म्हणाला की नोंद बदलता येत नाही. मी त्याच्यासमोरच्या खुर्चीवर बसले आणि म्हटलं, ठीक आहे, मी इथे बसते. वर्गात चाळीस मुलांना गप्प बसवण्याचा मला सराव आहे, एका कारकुनाला बोलतं करणं काय कठीण? संध्याकाळी त्याने कंटाळून सांगितलं, नोंद करणाऱ्याने स्वतः चूक झाली असं लिहून दिलं तर जागेवर पंचनामा होऊ शकतो. मात्र खोटी नोंद केली म्हणून चौकशी लागली तर तुमची जबाबदारी. मी पेन काढलं. अक्षर याही वेळी चांगलंच आलं.

पंचनाम्याला साहेब आले. तरुण, घामाघूम, चढाला वैतागलेले. ठेकेदाराचा माणूस आला, पोकलेनचा चालक होताच. पाड्यातली झाडून सगळी माणसं विहिरीपाशी जमली होती. आबाही होते, काठीवर वाकलेले, डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. मी पाया पडले तर त्यांनी मला आवाजावरून ओळखलं.

मी साहेबांना दगड दाखवले, छिन्नी नाही, चुना नाही. उताराखालच्या नाल्यात उतरून दाखवलं की भिंत पात्राच्या खडकात शिरते आणि समोरच्या डोंगरावर त्याच रेषेत पुन्हा निघते. सुतकीने वाजवून दाखवलं, हा दगड खणखणतो आणि शेजारचा बदबद करतो. साहेबांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, "मॅडम, तुमचं शास्त्र मला कळतं. पण तुम्हीच आधी बांधकाम लिहिलंय, आता तुम्हीच नाही म्हणताय. कोणतं खरं धरू?"

एवढा आटापिटा करून इथवर आले आणि माझ्याच अक्षराने मला खोटं पाडलं. ठेकेदाराचा माणूस मोबाईल बघत हसत होता. मला रडू येईल की काय, असं वाटलं आणि त्याचाच राग आला. त्या रागात मी खिंडाराशी गेले. तिथे भिंतीच्या बुडाशी एक खोल खड्डा होता आणि त्यात वरच्या अंगाने पाण्याची धार झिरपत होती. मी पोकलेनच्या चालकाला विचारलं, दगड वरचे न्यायचे होते ना, मग एवढं खाली कशाला खणलं?

तो बिचारा सरळ माणूस. म्हणाला, मालकाने सांगितलं होतं, जुन्या भिंतीच्या पायात मोठे दगड असतात, पायापर्यंत जा.

साहेबांनी मान वर केली. "मग? पाया किती खोल लागला?"

"लागलाच नाही साहेब. दोन दिवस खणलं. खाली खाली तीच भिंत जाते."

मग साहेब स्वतः खड्ड्यात उतरले. खाली बघितलं, झिरपणाऱ्या पाण्याला हात लावला. वर येऊन विहिरीच्या ओल्या पायऱ्या मोजल्या. भिंतीच्या खालच्या अंगाला एक सरकारी विहीर होती, कधीच पाणी न लागलेली. तिच्यात डोकावले, खडा टाकला. तो ठक्कन वाजला. मग ते दगडावर बसले आणि म्हणाले, लिहून घ्या.

काम थांबलं. त्या दिवसापुरतं नव्हे, कागदावर थांबलं. कारकुनाने नवीन फॉर्म काढला आणि लगेच एक शंका काढली: 'बांधणारा' हा रकाना रिकामा ठेवता येत नाही. साहेब म्हणाले, 'लागू नाही' लिहा. तेही बरोबरच होतं. पण दुरुस्ती माझ्या हातची हवी होती, म्हणून पेन माझ्याकडे आलं आणि मी साहेबांना विचारून, जरा जास्तच लिहिलं. त्यांनी वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि सही ठोकली.

पुढचे दोन दिवस मी तिथेच राहिले. आम्ही सगळ्यांनी नाल्याकाठची चिकणमाती पाट्यांनी वाहिली आणि तो खड्डा थर देऊन, तुडवून भरला. माझी कंबर गेली ती महिनाभर आली नाही. विहिरीचं पाणी उतरायचं थांबलं, नंतर एक पायरी चढलंही. उरलेल्या पायऱ्या या पावसाने परत येतील की नाही, ते कोणी सांगू शकत नाही. खिंडार मात्र आहे तसंच आहे. भिंत काही पुन्हा उगवणार नाही.

निघताना आबा ओट्यावर बसले होते. मला हाताने जवळ बसवून घेतलं.

"काय लिखं ते वाची दखाड," म्हणाले.

माझ्याकडे नकलेचा कागद होता. मी वाचला: 'काळ्या खडकाची नैसर्गिक भिंत. बांधणारा : कोणी नाही. उगवलेली.'

त्यांनी मान हलवली. बराच वेळ हलवत राहिले.

"तवय बी मी हाईच सांगं व्हतं, बाई."

"हो, आबा," मी म्हटलं. "मी लिहिलं नव्हतं."