तापाचं लॉगशीट

माझ्या बायकोला नेमकं काय झालं होतं, हे मला आजही सांगता येत नाही. तिच्यावर काय काय केलं गेलं, हे मात्र नीट सांगता येतं, कारण ते सगळं मीच केलं आणि वर लिहूनही ठेवलं.

भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली भट्टी पेटली त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. मी वर्धेहून येऊन भट्टीच्या ऑफिसात कारकून झालो होतो. सेक्टरात दोन खोल्यांचं कोरं क्वार्टर, लग्नाला दोन वर्षं झालेली. काम म्हणजे भट्टीचं लॉगशीट: दर तासाला तापमान किती, दाब किती, लोखंड कधी सोडलं, स्लॅग, म्हणजे वितळलेल्या लोखंडावरचा मळ, कधी काढला. तिन्ही पाळ्यांचे आकडे मी शाईने उतरवायचो. कोळशाचं एक टोपलं कधी उचललं नाही, पण घरी आलो की भट्टी मीच चालवतो अशा थाटात बोलायचो. बायको कौतुकाने ऐकून घ्यायची.

पावसाळ्यात तिला कावीळ झाली. तीन आठवड्यांत डोळ्यांतला पिवळेपणा गेला, पण ती काही उठेना. दुपारनंतर अंगात कणकण, पोळ्या लाटता लाटता भिंतीला टेकून बसायची. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, पोट दाबून पाहिलं. शेवटी तापावर गोळ्या दिल्या आणि म्हणाले, काविळीचं दुखणं काहींच्या अंगात असं रेंगाळतं, का ते आम्हालाही ठाऊक नाही. विश्रांती द्या, चांगलं खाऊ घाला, दर आठवड्याला दाखवा. मला संताप आला. एवढा शिकलेला माणूस आणि खुशाल तोंडावर सांगतो, ठाऊक नाही. तो खरं बोलत होता, हे कळायला मला फार उशीर लागला.

ज्यांना ठाऊक होतं ते दुर्गला राहायचे. रेल्वेतून निवृत्त झालेले गार्ड, नागपूरकडचे, आमच्याच लोकांतले. स्वतःचा दमा त्यांनी निसर्गोपचाराने बरा केला होता आणि कुणी बोलावलं की सायकल मारत यायचे. माणूस निर्मळ होता, हे सांगितलंच पाहिजे. त्यांचं म्हणणं असं, की रोग बाहेरून येत नाही. आत साठलेला मळ बाहेर पडायला धडपडतो, तोच रोग. गोळ्यांनी ताप दाबला, मळ आतच राहिला, म्हणून ही कणकण. उपास करावा, मीठ बंद, पोटावर ओल्या मातीची पट्टी, सकाळी टबात कटिस्नान. मग ताप एकदाचा सपाटून चढेल, मळ जाळेल आणि आपणहून उतरेल. उतरला की मुगाचं पाणी, मग मऊ भात.

दुसऱ्या कुणी हे ऐकून मान डोलावली असती आणि घरी जाऊन त्यातलं निम्मंच केलं असतं. मला ते पुरतं पटलं, कारण मी भट्टीवर होतो. आग चढली तरच स्लॅग सुटतो. आणि पेटलेली भट्टी अर्ध्यावर थंड होऊ द्यायची नसते, नाहीतर आतलं लोखंड गोठून सगळं वाया जातं. असले अहवाल मी नेहमी टाईप करायचो. दवाखान्याच्या गोळ्या मी मोरीत ओतल्या. ऑफिसातून कोरं लॉगशीट आणलं, वरचं ‘भट्टी क्रमांक’ खोडलं आणि ते खिळ्याला टांगलं.

जवळच्या कोहका गावातल्या तळ्याकाठी हातभर खणून मी सायकलवर माती आणायचो. पहिले काही दिवस ती हसायची. चिखल पोटावर थापला की म्हणायची, बरी म्हैस करून ठेवली मले. मी ड्यूटीवर असताना थर्मामीटर तिनेच लावायचा आणि आकडा लिहायचा, असं ठरलं. सातवी झालेली होती, अक्षर माझ्याहून चांगलं.

ती लिंबूपाण्यावर आणि संत्र्याच्या रसावर होती. आठवडाभर आकडा शंभराच्या आसपासच रेंगाळला. मी चपला न काढता आधी कागद पाहायचो आणि तोंड पाडून बसायचो. दुसऱ्या आठवड्यात ताप चढू लागला. एकशे एक, एकशे दोन. मी खूश. संध्याकाळी तिचं कपाळ गार लागायचं; मातीने आग ओढून घेतली, असं मी समजायचो. शेजारीण म्हणाली, बाईचे गाल पार बसले. तिला मी भट्टीचं शास्त्र समजावून सांगितलं. तेव्हाचा माझा उत्साह आठवला की आजही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

एका संध्याकाळी गार्डसाहेब आले. त्यांनी तिचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. ओट्यावर येऊन म्हणाले, "हात थंडा लागून राह्यला. मुगाचं पाणी आजच चालू करा."

मी आतून कागद आणून त्यांच्यापुढे धरला. त्या दुपारचा आकडा एकशे तीन. चढत्या तापात अन्न नाही, हे त्यांचंच म्हणणं त्यांना ऐकवलं. त्यांनी चष्मा लावून सगळे आकडे पुन्हा पुन्हा वाचले आणि सायकलवर बसले. कागदापुढे मोठमोठे इंजिनियर असेच माघार घेताना मी पाहिले होते.

तिसऱ्या दिवशी घरी आलो तर ती उठून बसलेली, वेणीफणी केलेली. दुपारच्या रकान्यात अठ्ठ्याण्णव पॉइंट चार, आणि पुढे तिच्या अक्षरात ‘उतरला’.

"उतरला ना जी ताप," ती म्हणाली. "आता वरणभात द्या."

मला आनंदाने रडू आलं. पण हाडाचा कारकून मी. एका पाळीच्या आकड्यावर भट्टीवर कुणी विश्वास ठेवत नाही. मी म्हटलं, अजून एकच दिवस. उद्या मी स्वतः करतो, मीठ घालून, वर लिंबू पिळून. ती भिंतीकडे तोंड करून निजली.

सकाळी टबातून उठताना ती कोसळली. दवाखान्यात त्याच डॉक्टरांनी थर्मामीटर लावला, झटकला, पुन्हा लावला. पारा पंच्याण्णवच्या पुढे सरकेना. मी घडी घालून आणलेलं लॉगशीट पुढे केलं. ते पाहून त्यांनी कागद टेबलावर उलटा ठेवला. म्हणाले, एवढा ताप यायला अंगात काही लागतं. यांच्यात ते कधीच संपलंय.

ती शुद्धीवर आल्यावर मी विचारलं, "एकशे तीन कावून लिहिलं?"

"चढल्याबिगर उतरला कसा असता?" ती म्हणाली. "अन् उतरला का भात देईन, तुमीच म्हनलं होतं."

दोन दिवसांनी ती गेली. त्याआधी डॉक्टरांनी पेज द्यायला सांगितलं होतं. मी घरी धावत जाऊन भात टाकला, मीठ घातलं, घोटून पेज करून आणली. तिने चमचाभर तोंडात धरली आणि मीठ बराबर झालं म्हणाली. ती तिला गिळता आली नाही.