चुंबकाला न चिकटलेले कण

दोह्याच्या इंडस्ट्रियल एरियातल्या एका गॅरेजात मी माझ्या गाडीसाठी थांबलो होतो. शेजारी एका कतारी तरुणाची शर्यतीची गाडी धडधडत होती. संध्याकाळी शर्यत होती, आणि तो सारखा ‘यल्ला, यल्ला’ म्हणत घाई करत होता.

पन्नाशीच्या मेकॅनिकने लांब स्क्रूड्रायव्हर इंजिनाला टेकवला आणि त्याची मूठ कानाला लावून डोळे मिटले. इंजिन तापलं तसा ऑइल प्रेशरचा काटा घसरला. त्याने झटकन इंजिन बंद केलं आणि ऑइल फिल्टर कापला. आतल्या कागदाच्या घड्यांत चंदेरी कण चमकत होते. वरून चुंबक फिरवलं, तर एकही चिकटला नाही. म्हणजे ते लोखंड नव्हतं; बेअरिंगच्या आतला मऊ धातू झिजत होता.

“तेल खराब है बोल,” मागे उभा असलेला गॅरेजचा मॅनेजर त्याच्या कानाशी पुटपुटला.

मेकॅनिक तरुणाकडे वळला. “कॅम का बेअरिंग मैंने बिठाया था, सर. तेल का छेद बराबर मिला नहीं, अंदर तेल पहुंचा नहीं. गलती मेरी है.”

तरुण चावी आपटून निघून गेला. मॅनेजरही केबिनमध्ये शिरला.

“तेलावर ढकलायचं होतं,” मी चुकून मराठीत बोललो.

“तेल बदलून त्यानं आज गाडी पळवली असती की, अन् भर वेगात इंजिन जाम झालं असतं,” मेकॅनिकही मराठीत म्हणाला.

त्याची नोकरी टिकली का, मला ठाऊक नाही. तेव्हा मात्र तो पाना घेऊन इंजिनाचे बोल्ट सोडवू लागला होता.