पांढऱ्या चाकाची गाडी

ईशान आणि मैत्रेयी, रविवारी व्हिडिओ कॉलवर तुमची आई म्हणाली, "कुत्र्याचं पिल्लू घरी आलं आणि बाबांना प्रमोशन मिळालं. पायगुण चांगला आहे त्याचा!" मैत्रेयीने लगेच विचारलं, "आजी, पायगुण म्हणजे काय?" तेव्हा नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहिते आहे. घरात नव्याने आलेल्याच्या पावलांबरोबर बरंवाईट नशीब येतं, या समजुतीला पायगुण म्हणतात. पिल्लाचं ठीक आहे. त्याला कोणी माहेरी पाठवत नाही.

मी जालन्याला भूजल कार्यालयात जिऑलॉजिस्ट होते. जमिनीखाली पाणी कुठे आहे आणि ते का आटलं, हे शोधणं माझं काम. एकदा भोकरदनकडच्या एका गावातून सरपंचांचा फोन आला. रामराव नावाच्या शेतकऱ्याची विहीर ऐन थंडीत कोरडी पडली होती. नुकतंच त्यांच्या मुलाचं लग्न झालं होतं, आणि नवी सून संगीता हिला गाव आता 'पांढऱ्या पायाची' म्हणत होतं. म्हणजे वाईट पायगुणाची. पाणी येईपर्यंत तिला परतूरला माहेरी धाडायचं ठरलं होतं. अशा पाठवलेल्या मुली बहुधा परत येत नाहीत.

माझे साहेब म्हणाले, "मॅडम, पाणी बघून या. पायगुण आपल्या सिलॅबसमध्ये नाही."

मी पोचले तेव्हा संगीताची बॅग ओट्यावर होती आणि शेजारी तिचा भाऊ मान खाली घालून बसला होता. सासूबाई, कौसाबाई, मला थेट म्हणाल्या, "शेजारच्याची हीर भरलेली हाय. आमचीच आटली. मंग दुसरं काय असंल, तुम्हीच सांगा!"

प्रश्न बरोबर होता. दुष्काळ असता तर दोन्ही विहिरी आटल्या असत्या. म्हणजे बिघाड याच विहिरीत होता. मी विहिरीत उतरले. कडेच्या झऱ्यांतून पाणी येत होतं, पण तळाला साचत नव्हतं. गाळ बाजूला केला, तर तळात एक गोल भोक.

"रामराव, हे बोअर कधी मारलं?"

"लग्नाच्या आधी, मॅडम. पाव्हणे येणार, पाणी कमी पडू नये म्हणून बोअरची गाडी बोलावली. पाणी काही लागलं न्हाई."

याला इनवेल बोअर म्हणतात, विहिरीच्या तळाला मारलेलं बोअर. कधी त्याने पाणी वाढतं. पण खालचा खडक फुटका आणि कोरडा असेल, तर वरचं पाणी त्यातून खाली निघून जातं. बादलीच्या बुडाला भोक पाडावं तसं.

"तुमची विहीर आटलेली नाही. गळते आहे," मी सांगितलं.

"आन् लग्नाच्याच टायमाला कशी गळाया लागली?" कौसाबाई.

"कारण भोक लग्नासाठीच पाडलंत."

ओट्यावर कोणीतरी फिसकन हसलं. कौसाबाई हसल्या नाहीत. "आधी पाणी दिसू द्या," त्या म्हणाल्या. पण भाऊ एकटाच परतूरला गेला.

बोअर चिकणमाती आणि सिमेंटने बुजवलं. काही दिवसांनी मी पुन्हा गेले, तर विहिरीत पाणी होतं आणि कौसाबाई पेढे वाटत होत्या. "आमच्या सूनबाईचा पायगुणच भारी! बराबर पाणी आणलं!"

मी कपाळाला हात लावला. तेवढ्यात संगीता पुढे आली.

"आत्याबाई, माझ्या पायानं न्हाई, सिमेंटनं आलं. आज मी हो म्हणलं, तर पुढल्या उन्हाळ्यात पुन्हा माझ्याच पायाकडं पाहताल."

"पोरीचं तोंड बघा!" कौसाबाई म्हणाल्या.

"मंग पांढऱ्या पायाचं होतं तरी कोण?" रामरावांनी विचारलं.

"पाय न्हाई, मामा. चाक. ती बोअरची गाडी."

आधी रामराव हसले, मग सगळा ओटा. शेवटी कौसाबाईंनीही पदर तोंडाला लावला. आठवड्याभरात तो शब्द गावभर झाला. बोअरची गाडी वेशीवर दिसली की लोक म्हणत, "आली पांढऱ्या चाकाची!"

नोकरीत मी एवढं शिकले की समजूत पुराव्याने मोडत नाही. फार तर तिचा पत्ता बदलतो.

विहिरीला अजून पाणी आहे. संगीता त्याच घरात आहे. पायगुण हा शब्दही गावात आहे. नवी सून आली की बायका अजून विहिरीत डोकावतात. फक्त आता सुनेच्या पायांआधी विहिरीचं बूड बघतात.