हाकेला ओ

गवत शिकायला निघाले होते मी. विद्यापीठाच्या कॅम्पसवर उन्हाळ्यात मोठ्या माणसांसाठी आठवडाभराचा कोर्स असतो, रानातली गवतं ओळखायचा. कॉलेजात माझं बॉटनी होतं. लग्न झालं, इथे मिशिगनमध्ये नोव्हाय गावी आलो, आणि ते बॉटनी परसातल्या मेथी-कोथिंबिरीपाशी येऊन थांबलं. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "अगं, इथे लोक गवत कापायला माणूस बोलावतात आणि तू त्याची ओळख करून घ्यायला चाललीस?" मी म्हटलं, "तुमची ओळख पुरेशी झाली, आता गवताची करून घेते."

तयारी तशी फार नव्हती. चिखलात चालतील असे बूट, टोपी, भिंग, हॉस्टेलच्या खोलीसाठी चादर आणि चिवड्याचा डबा. अडलं ते एका साध्या ईमेलवर. कोर्सच्या बाईंनी विचारलं होतं, तुमच्या बॅजवर कोणतं नाव लिहू? पासपोर्टवरचंच हवं असं नाही; ज्या नावाने हाक मारलेली तुम्हाला आवडेल ते कळवा.

आता घ्या. इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं.

पासपोर्टवर आहे ते माझं लग्नातलं नाव. नणंदेने सुचवलेलं, ह्यांच्या नावाला शोभेलसं. सासरी पाऊल टाकलं त्या संध्याकाळी ह्यांनी ताटातल्या तांदळात अंगठीने ते लिहिलं, सगळ्यांना पेढे वाटले, झालं. त्या तांदळाचा दुसऱ्या दिवशी भात झाला, नाव मात्र मला चिकटलं. आणि गंमत बघा, एवढ्या हौसेने ठेवलेलं नाव ह्यांनी हाक मारायला कधी वापरलंच नाही. मी 'अगं', ते 'अहो'. बाकीच्यांची मी वहिनी, काकू, मावशी. मग माझं पहिलं नाव कुणाच्या वाटेत येत होतं, ते तरी सांगा.

पहिलं नाव आईने ठेवलेलं. बाबा रोज टॉवेल विसरून आंघोळीला जायचे आणि मोरीतून माझ्या नावाने ओरडायचे, शेवटचं अक्षर इतकं लांबवत की शेजारच्या काकू खिडकीतून म्हणायच्या, "जा बाई, दे त्यांना टॉवेल." मी चिडायचे. घरात एवढी माणसं, मलाच का हाक? आज कुणी तशी हाक मारली तर मी मिशिगनहून टॉवेल घेऊन पळत जाईन. आई-बाबांनंतर ते नाव दादाच्या तोंडी राहिलं. रविवारी त्याचा फोन यायचा. हॅलो नाही, कशी आहेस नाही, थेट नाव. दादा गेला आणि ते घेणारं कुणी उरलं नाही. माहेरी आता भाचे आहेत, त्यांची मी आत्या. नावात काय एवढं, म्हणतात लोक. ज्यांचं कुणी बदललं नाही ते म्हणतात. मला ते पुन्हा ऐकायचं होतं, एकदा तरी, कुणाच्याही तोंडून. चुकीचं म्हटलं तरी चाललं असतं.

मी बाईंना जुनं नाव कळवून टाकलं.

त्या संध्याकाळी शिकागोहून लेकीचा व्हिडिओ कॉल आला, तिला सांगितलं. "वेट, आई, म्हणजे तुझं नाव हे तुझं नावच नाहीये?" मग तिने जुनं नाव म्हणून पाहिलं, अडखळत, जीभ वळवत. आणि विचारलं, "पण तुला चेंज करायचं होतं का?"

"तेव्हा विचारायची पद्धत नव्हती," मी म्हटलं.

हे शेजारीच सोफ्यावर आयपॅडमध्ये डोकं घालून बसले होते. मान वर केली नाही. मला असा राग आला म्हणून सांगू. एक शब्द बोलायला काय जातं या माणसाचं?

निघायच्या दिवशी सकाळी मी चिवड्याच्या डब्याचं झाकण घट्ट बसवत होते. हे मला सोडायला येणार होते, बॅगा गाडीत गेल्या होत्या. गराजमधून ह्यांचा आवाज आला, कुणाला तरी हाक मारत होते. म्हटलं, लागले फोनवर गप्पा मारायला. मी ओटा पुसायला घेतला. परत आवाज आला, जरा मोठ्याने. उशीर होणार आता, एवढंच माझ्या डोक्यात आलं.

शेवटी ते स्वतःच दारात येऊन उभे राहिले, किल्ली हातात, चेहरा ओशाळा. "केव्हाची हाक मारतोय," म्हणाले. "तुझ्या नावाने. जुन्या. तू ओच देत नाहीस. तिकडे वर्गात काय करणार आहेस?"

माझ्या हातातलं फडकं तसंच राहिलं. ज्या हाकेसाठी जीव तुटत होता, ती घरात येऊन गेली होती आणि मला ओळखू आली नव्हती. ओट्याला टेकून मी रडले. ह्यांना काय करावं सुचेना, बंद असलेला नळच पुन्हा घट्ट करत बसले.

मग मी डोळे पुसले. म्हटलं, "जा. गराजमध्ये जा आणि परत मारा हाक. शेवटचं अक्षर लांबवून."

निमूटपणे गेले. मी दाराशी कान देऊन उभी राहिले, आणि नाव पुरतं व्हायच्या आतच म्हटलं, "ओ, आले."