ताता म्झुवुकिलेंच्या कोटातली किल्ली

“पुठ्ठ्यावरचं अक्षर दाबलं की चूक कुणाला दिसतच नाही,” थोझामा एकदा हसत म्हणाली होती. मग स्वतःच्याच हसण्याचा राग आल्यासारखी फळा पुसू लागली.

ती आमच्या शाळेत संगणक शिकवायची. मी शेजारच्या वर्गात भूगोल. मधली भिंत अर्धीच बांधलेली, त्यामुळे तिचे तास मला पाठ झाले होते. बारावीची चौदा मुलं, प्रत्येकासमोर साखरेच्या खोक्याचा पुठ्ठा, त्यावर पेनाने काढलेली बटणं. ती सांगायची, फाइल उघडा. चौदा बोटं पुठ्ठ्यावर टेकायची. उघडली का? उघडली, मिस. सिनाझो नावाची पोरगी एकदा म्हणाली, मिस, माझा संगणक शेळीने खाल्ला. वर्ग हसला. थोझामाने तिला दुसरा पुठ्ठा कापून दिला.

खरे संगणक होते. वर्गामागच्या लोखंडी कंटेनरमध्ये वीस लॅपटॉप, वरचं प्लास्टिकही न फाडलेले. गेल्या वर्षी फेब्रुवारीत मथाथा शहरातल्या जिल्हा कार्यालयातून आले, तेव्हा गावाने मेजवानीला बैल कापला होता. पण वीज नव्हती. वीज येईपर्यंत कंटेनर उघडायचा नाही असं शाळा समितीने ठरवलं, कारण नदीपलीकडच्या शाळेतले चोरांनी नेले होते. किल्ली समितीचे अध्यक्ष ताता म्झुवुकिले यांच्याकडे; ताता म्हणजे आमच्याकडे बाबा. तीस वर्षं सोन्याच्या खाणीत काढलेला माणूस. किल्ली कोटाच्या आतल्या खिशात आणि कोट उन्हाळ्यातही अंगावर. या वर्षी मे महिन्यात ते खोकत खोकत गेले. जुलैत वीज आली.

तोवर त्यांचे कपडे गाठोड्यात बांधून गोल झोपडीत ठेवले गेले होते. विधवेचे सुतकाचे काळे कपडे उतरेपर्यंत, म्हणजे वर्षभर, त्या गाठोड्याला कुणी हात लावणार नव्हतं. त्यात कोट. कोटात किल्ली. सगळ्या गावाला ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं. कुलूप फोडायला जिल्हा कार्यालयाची लेखी परवानगी हवी, असं मुख्याध्यापक द्यान्ती म्हणाले. तीन पत्रं गेली. ती कुठे पडली देव जाणे.

ऑक्टोबरच्या प्रात्यक्षिक परीक्षेला नऊ दिवस उरले. ती झाली नाही तर चौदाही जणांचं प्रमाणपत्र अडकणार होतं. थोझामा म्झुवुकिलेंच्या घरी निघाली. मला सोबत घेतलं, बहुधा वाटेतून परत फिरू नये म्हणून.

त्यांची विधवा नोफेझिले दारामागच्या चटईवर बसली होती, डोक्यापासून पावलांपर्यंत काळ्या कपड्यांत. थोझामाही जमिनीवर बसली. मका, गुरं, गुडघेदुखी, सगळं विचारून झालं. मग तिने खाली बघत मागायचं ते मागितलं.

“माभेले,” म्हातारीने तिला कुळाच्या नावाने हाक मारली, “शिकलीस तरी तू आपलीच आहेस. काय मागतेयस ते कळतंय ना?”

“कळतंय, आई.”

“धाकट्या दिराला समजलं तर माझं सुतकाचं वर्ष पुन्हा पहिल्या दिवसापासून धरतील.”

थोझामा उठली नाही. म्हातारीने काडीने चुलीतली राख उकरली. मग म्हणाली, की त्या माणसाने जिवंतपणी तरी किल्ली दिली असती का? रात्री आधी किल्लीवर पांघरूण घालायचा, मग माझ्यावर. असं म्हणून ती स्वतःशीच थोडी हसली, गोल झोपडीत गेली, आणि गाठोड्याची गाठ तिने सोडवली. आम्ही आवाज ऐकला. कापडाचा, मग धातूचा.

दुसऱ्या दिवशी कंटेनर उघडला. आत कोंडलेली, जुन्या उन्हाची हवा. मुलांनी लॅपटॉप हातावर तान्ह्या बाळासारखे वर्गात आणले. पडदे उजळले, आणि वीसही पडद्यांवर एकच ओळ आली: वर्षभरात एकदाही जिल्हा कार्यालयाच्या जाळ्याशी न जोडल्याने हे यंत्र बंद करण्यात आले आहे. थोझामाने कार्यालयाला फोन लावला. पलीकडचा माणूस म्हणाला, चोरीपासून बचाव म्हणून तशी सोय केलेली असते, मॅडम. परत पाठवा, पुढच्या वर्षी बघू.

तिने बोटांवर महिने मोजले. या वर्षीच्या फेब्रुवारीतच ती यंत्रं मेली होती. तेव्हा ताता कोट घालून याच आवारात फिरत होते, सकाळ-संध्याकाळ कुलूप ओढून बघत होते. म्हातारीची गाठ फुकटच सुटली होती.

कंटेनर उघडलेला पाहून रविवारी दिराने माणसं जमवली. नोफेझिलेचं वर्ष पुन्हा सुरू झालं.

शहरातल्या शाळेत चाळीस संगणक होते, पण आमची मुलं तिथे नोंदलेली नव्हती. परीक्षेच्या दिवशी चौदाही जण इस्त्री केलेल्या गणवेशात येऊन बसले. त्यांना घरी राहायला सांगायचा धीर कुणाला झाला नव्हता. कार्यालयाच्या बाई आल्या, तरुण, नम्र, बुटांवर आमची लाल धूळ. त्यांनी बंद पडदे पाहिले आणि कागद काढला. यंत्र चालू नसेल तर विद्यार्थी गैरहजर धरायचा असतो, त्या म्हणाल्या.

“समोर तर बसलेत,” द्यान्ती म्हणाले.

“रकाने दोनच आहेत, सर. हजर असेल तर गुण भरावे लागतात.”

त्यांनी चौदा वेळा गैरहजर लिहिलं आणि कागद विषयशिक्षिकेपुढे सरकवला. थोझामा एकेक नाव वाचत होती. सिनाझोच्या नावाशी थांबली. सिनाझो पहिल्या बाकावर ताठ बसून तिच्याकडेच बघत होती.

“सही कर, माभेले,” द्यान्ती हळूच म्हणाले. “तुझ्या सहीने ती नापास होणार नाहीत. ती आधीच झालीत. उगाच तुझी नोकरी कशाला?”

थोझामाने पेनाला टोपण लावलं. पेन कागदावर आडवं ठेवलं. ती वळली तेव्हा रोजच्या सवयीने चौदाही मुलं बाकांमागे उभी राहिली. ती त्यांच्यामधून चालत, कुणाकडेही न बघता, दाराबाहेर पडली.