ब्रोर्डाच्या रानातलं शिंग

माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा ब्रोर्डा हा आमच्या सरदाराची डुकरं राखायचा आणि त्याच्या ओकच्या रानावर पहाराही द्यायचा. कष्टाळू माणूस, पण कायद्याच्या बाबतीत भलताच कडक. आमच्या वेसेक्स मुलखाच्या राजांचा जुना कायदा आहे, की वाट सोडून रानात शिरणाऱ्याने हाक द्यायची, नाहीतर शिंग फुंकायचं. गुपचूप शिरला तो चोर, आणि त्याला मारलं तरी भरपाई नाही. बाकीच्या गावांत लोक हे ऐकून सोडून देत. ब्रोर्डाने मात्र सुया विकणाऱ्या एका फेरीवाल्याला त्यापायी कुऱ्हाडीने आडवा केला. तो बिचारा झुडपाआड लघवीला गेला होता. पंचांनी ब्रोर्डाला सोडून दिलं. मला विचाराल तर त्या दिवसापासून त्याच्या घरची भाकरी माझ्या घशाखाली नीट उतरली नाही.

त्यानंतर शिंग वाजवल्याशिवाय कोणी त्या रानात पाऊल टाकेना. त्याची एकुलती लेक एबासुद्धा. बहीण बाळंतपणात गेली, एबाला मी वाढवलं, पण शिंग फुंकायला बापानेच शिकवलं. पुढे त्याची नजर अधू झाली. हात मात्र पहिल्याइतकाच चपळ राहिला, म्हणून एबा शिंग जास्तच जपून वाजवायची.

ज्या हिवाळ्यात नाताळ उलटताच समुद्रापलीकडचे डेन लुटारू चालून आले आणि राजावर दलदलीत लपायची वेळ आली, त्या हिवाळ्यात आमचं अख्खं गाव ब्रोर्डाच्या रानात शिरलं. चाळीस माणसं, त्यात तान्ही पोरं. चूल पेटवायची नाही, मोठ्याने बोलायचं नाही, भिजवलेले जव चावून दिवस काढायचे. कुठल्या ओढ्यातून चाललं की माग उरत नाही हे त्यालाच ठाऊक. त्याने आम्हाला जगवलं, हेही सांगायला हवं.

एबा खालच्या गावात सासरी अडकली होती. नवरा राजाच्या फौजेत, सासू अंथरुणाला खिळलेली. सासू मेल्यावर तिने एका मेंढपाळाबरोबर निरोप धाडला, की उद्या दुपारपर्यंत पोचते. लवकर ये, एवढंच आम्ही उलट कळवलं. शिंग फुंकू नकोस, हे कळवायचं ना ब्रोर्डाला सुचलं, ना मला. आयुष्यभराची सवय, ती कुणाच्या ध्यानात येते?

दुसऱ्या दिवशी सकाळीच डेनांचे घोडेस्वार वाटेवर येऊन थांबले. आम्ही वाळक्या नेच्यांत पालथे पडून होतो. घोडे दिसले की एबा मागे फिरेल, पोर शहाणी आहे, असं मी ब्रोर्डाच्या कानात सांगत होते. पण वाट तिथे वळते. पलीकडून येणाऱ्याला काही दिसत नाही.

शिंग वाजलं.

ब्रोर्डा उठू लागला. तो उठला असता तर चाळीस माणसं गेली असती. मी त्याच्या पाठीवर बसले, आमच्या पाद्रीबाबांनी त्याचे पाय धरले. मी त्याच्या तोंडावर हात दाबला. त्याने माझं बोट हाडापर्यंत चावलं, तरी मी हात काढला नाही. शिंग पुन्हा वाजलं. डेन घोड्यांवरून उतरून झुडपं मोडत तिच्याकडे निघाल्याचं आम्हाला ऐकू येत होतं. तिलाही ऐकू आलं असणार, कारण तिने हाक दिली.

"बाबा, मी आहे, एबा. मारू नका."

वसंतात आमचा राजा जिंकला. डेनांच्या म्होरक्याने बाप्तिस्मा घेतला, आणि आता ते आपले भाऊ आहेत असं पाद्रीबाबांनी चर्चमध्ये सांगितलं. मी उठून बाहेर गेले. एबाचा नवरा त्यांच्या तळावर दोनदा विचारून आला. धरलेल्या बाया समुद्रापार विकल्या, यापलीकडे त्याला काही कळलं नाही.

ब्रोर्डा पुढे अकरा वर्षं जगला. पहाऱ्याचं काम त्याने सोडलं. मला वाटायचं, मी त्याला दाबून धरलं म्हणून तो माझ्याशी बोलत नाही. शेवटच्या आजारपणात एकदा मी त्याला पेज भरवत होते, तेव्हा धीर करून विचारलंच.

"भावजी, माझ्यावर राग आहे का?"

त्याने नकारार्थी मान हलवली. मग म्हणाला, "डेन अंगावर येत होते, टेटा, आणि पोर मला भ्याली."

मी उरलेली पेज त्याला भरवली.