मेघनाचं नाव

बावडा गावची मेघना रोज दोन एसटी बदलून बारामतीला यायची. दिग्विजय सरांच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये ती नोकरीला होती. तिथं तिनं आठ महिने खपून जावा या कॉम्प्युटरच्या भाषेत दूध तपासणीचा प्रोग्राम लिहिला. प्रोग्राम सुरू झाला की पहिल्याच पडद्यावर तिचं नाव यायचं. एकदा तिचे वडील, बुद्धघोष मास्तर, मुद्दाम ते नाव बघायला आले. पडद्यावर आता नाव होतं दिग्विजय सरांचं.

"पोरगी टायपिंग बरं करते," सर हसत म्हणाले. मास्तर निघून गेले. मेघनाच्या मात्र अंगाची आग झाली. नाव याच माणसाच्या हातून परत घ्यायचं, हे तिनं त्याच दिवशी ठरवलं.

अठ्ठ्याण्णव साली सरांना जावाच्या नव्या आवृत्तीचं वेड लागलं. प्रोग्राममध्ये बटण दाबलं की चालणारी, कुठल्याही दुधाला लागू होणारी एक मूळ मेथड, म्हणजे तपासणीच्या नियमाचा तुकडा, होती. म्हशीच्या दुधासाठी मेघनानं त्याच नावाची कडक मेथड लिहून मूळची बाजूला सारली होती. सरांनी बटणाला नव्या पद्धतीनं काम जोडून दिलं, तेही मूळच्या सैल नियमाचंच. असं केलं की नवी जावा तसल्या जुन्या मेथडला हाकच मारत नाही, आणि चूकही दाखवत नाही. मेघनानं हे पुस्तकात वाचलं होतं.

"सर, म्हशीची मेथड आता..."

"तू टायपिंग बघ. मला जावा शिकवू नगंस!"

"व्हय सर," ती म्हणाली. त्यानंतर तिनं अवाक्षर काढलं नाही. पंधरा दिवस ती मजेत जेवली आणि गाढ झोपली.

एमआयडीसीतल्या एका डेअरीत साहेबांसमोर प्रोग्राम दाखवायचा दिवस आला. साहेबांनी मुद्दाम पाणी घातलेलं म्हशीचं दूध मागवलं. सरांनी फॅटचा आकडा भरून बटण दाबलं. पडद्यावर उमटलं : 'स्वीकारले'.

"अहो, हे तर पाणी हाय!" साहेब म्हणाले. सगळे हसले. सरांचं पाच-सहा वेळा बटण दाबून झालं, मग त्यांची नजर मेघनाकडं वळली.

"अगं, बघ की जरा."

"मी कशी बघू? मी टायपिस्ट. लिहिलाय तुमीच न्हाय का?"

साहेबांनी चष्मा काढला. "कुणी लिहिलाय हा?"

सरांची मान खाली गेली. "हिनं," ते पुटपुटले.

"मोठ्यानं सांगा सर," मेघना म्हणाली.

"मेघनानं लिहिलाय!"

मेघना खुर्चीजवळ गेली, पण बसली नाही. "तुमी बसा सर. मी सांगते, तुमी टाइप करा. आधी पहिल्या पडद्यावर माझं नाव. वडिलांच्या नावासकट."

सर एका बोटानं एकेक अक्षर शोधू लागले. मेघना घाई न करता शेजारी उभी राहिली. टायपिंग फारच वाईट होतं त्यांचं.